मोहोराचे दिवस, पोटुशीचे महिने

कोकणातली लग्नं मे महिन्यातली. मुंबईच्या शाळांना सुट्टी, घरात आंबे-फणस, शेतं रिकामी आणि मांडव भिजायची भीती नाही. त्या मांडवातून सासरी गेलेल्या मुलीला लवकर दिवस राहिले, तर ती शिमग्याच्या आसपास बाळंत होते. दुसरा हंगाम गणपतीचा. चाकरमानी येतात, घरं भरतात, विसर्जन झालं की गाड्या भरून परततात आणि पुढच्या मृगाच्या आगेमागे वाडीत एकामागून एक बारशी निघतात. आमच्या उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका बाई हसत म्हणायच्या, "माझं रजिस्टर म्हणजे दुसरं पंचांगच आहे."

आता त्याच्याशेजारी हापूसचं पंचांग ठेवून बघा. पाऊस सरला की पालवी, थंडी पडली की मोहोर, मग कणी, वाटाणा, सुपारी, अंडं अशी फळाची चढती मापं आणि चैत्र-वैशाखात तोडणी. पालवीपासून फळ अंड्याएवढं होईतो, म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी, बागेत फवारणीचा पंप चालू असतो. मे महिन्यातल्या नवरीचे शेवटचे चार-पाच महिने याच काळात येतात. गणपतीनंतर दिवस राहिलेलीचे दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे महिने यातच जातात. रत्नागिरी तालुक्यात पावस, गोळप, कोतवडे, नेवरे, मालगुंड, कुठल्याही बाजूला जा, ही दोन पंचांगं एकमेकांवर चढलेली दिसतील. माझ्या आजीच्या काळी ती चढलेली नव्हती. निदान अशी नव्हती.

आमच्या लहानपणी कलमं मोजकी. विहिरीजवळ आजोबांनी लावलेली चार-पाच, बाकी सगळा रायवळ. त्यापलीकडे उघडा कातळ, त्यावर गवत, गवतावर गुरं. वरकस जमिनीत नाचणी-वरी. कलमांना एक साल भरपूर यायचं आणि दुसऱ्या साली नुसती पानं. त्या आड सालाबद्दल कुणी झाडाला जाब विचारत नसे. मुंबईहून मनीऑर्डर यायची आणि घर तिच्यावर चालायचं, आंब्यावर नव्हे. त्यामुळे झाडाला हा आळस परवडायचा.

मोहोराला कीड तेव्हाही लागायची. तुडतुडे तर हमखास. फांदी हलवली की ते उडून वाळक्या पातेऱ्यावर पडायचे, बारीक पाऊस पडल्यासारखा तडतड आवाज व्हायचा. पानांवर चिकटा, चिकट्यावर काळी बुरशी, आणि खालून गेलेल्या माणसाच्या टक्कलावरही तो चिकटा. यावर आजोबांचे उपाय दोनच. संध्याकाळी झाडाखाली ओला पाला घालून धूर करायचा. आणि भुरी दिसली की पहाटे, मोहोरावर दव असताना, गंधक आणि राख फडक्याच्या पुरचुंडीत बांधून ती बांबूच्या टोकाला लावायची आणि खालून टिचक्या मारायच्या. पिवळी भुकटी दवावर चिकटून राही. आजोबांच्या भुवया दुपारपर्यंत पिवळ्या. त्यांना खोकला यायचा, डोळे चुरचुरायचे, तेव्हा गंधक अगदीच निरुपद्रवी म्हणायचं कारण नाही. पण ती भुकटी चार झाडांपुरती असायची आणि साऱ्या हंगामात एखाद-दोन वेळा.

घरात कुणी पोटुशी असली की आजी तिच्याभोवती नियमांचं कुंपण घालायची. तिन्हीसांजेला परड्यात जायचं नाही. अमावस्येला बागेकडे फिरकायचं नाही. नारळ फोडताना समोर उभं राहायचं नाही. ग्रहणाला विळीला हात लावायचा नाही, सुईदोरा नाही, अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं. यातलं बहुतेक सगळं निराधार. भात लावायला मात्र तीच पोटुशी आठव्या महिन्यापर्यंत गुडघाभर चिखलात वाकलेली असायची, त्यावर आजीचा नियम नव्हता. सुईण नाळ कापायची ती मिळेल त्या पात्याने. धनुर्वातानं बारशाआधीच गेलेली पोरं प्रत्येक घरात होती, आणि आजीची स्वतःचीही. त्या काळाला सोन्याचा मुलामा द्यायला मी बसलेली नाही. पण पोटात बाळ आहे म्हणून बाईला काही गोष्टींपासून लांब ठेवायचं असतं, ही समज घरातल्या शेवटच्या पोरालाही होती. आम्ही तिला ओरडून सांगायचो, "काकी, तिकडं नको जाऊ गं!"

मग डीडीटी आली. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ सालचा, पुढे १९५८ पासून त्याचंच निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं. आमच्या आठवणीतले फवारणीवाले त्यानंतरचे. खाकी कपड्यातली माणसं, पितळी पंप, बादलीत दुधासारखं पांढरं पाणी. आई भांडीकुंडी, देवांचं ताम्हन, पिठाचा डबा अंगणात आणून ठेवायची. माजघर, न्हाणीघर, गोठा, सगळीकडे भिंतींवर फवारा. जाताना दारावर गेरूनं तारीख. भिंती वाळल्या की पांढुरके ओघळ दिसायचे आणि ते पुसायचे नाहीत अशी ताकीद असायची. घरात बाळंतीण असली तर ती बाळाला घेऊन पडवीत बसायची आणि तासाभरानं पुन्हा त्याच खोलीत, त्याच बाजेवर.

त्याचा गुणही आला, हे विसरून कसं चालेल? स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे असा अंदाज होता. १९६५ च्या सुमारास ती संख्या एक लाखाच्या आसपास आली. हिवतापानं गर्भ पडायचे, मुलं अशक्त जन्मायची. तेव्हा डीडीटीनं वाचवलेली बाळं कितीतरी. पण आम्ही ती भिंतीपुरती कुठे ठेवली? डोक्यात उवा झाल्या की पावडर केसांत चोळून वर फडकं बांधायचं. ढेकणांसाठी खाटेच्या सांध्यात. भाताच्या कणगीखाली गॅमेक्सिनची भुकटी. तिचा तो उग्र वास म्हणजे स्वच्छतेचा वास असं आमच्या नाकाला शिकवलेलं. आई सहा महिन्यांची गरोदर असताना ओसरीवर बसून माझ्या केसांतून पावडर विंचरून काढत होती, हे मला लख्ख आठवतं; तिच्या हिरव्या लुगड्यावर पांढरा सडा पडला होता आणि तिनं तो हातानंच झटकला.

डीडीटी आणि गॅमेक्सिन, म्हणजे बीएचसी, ही रसायनं चरबीत मुरतात आणि वर्षानुवर्षं शरीरात राहतात. गरोदरपणी वारेतून बाळाकडे जातात, नंतर दुधातून. अमेरिकेत १९५९ ते १९६६ या काळात गरोदर बायकांचं रक्त साठवून ठेवलेलं होतं. जवळजवळ चाळीस वर्षांनी ते तपासलं तेव्हा दिसलं, की ज्या आयांच्या रक्तात डीडीटीपासून बनणारं डीडीई जास्त होतं, त्यांची मुलं दिवस पुरे होण्याआधी किंवा वजनानं कमी जन्मण्याचं प्रमाणही जास्त होतं. हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये २००१ साली आला. आपल्याकडे लखनौच्या संशोधकांनी २००३ साली पोटात नीट न वाढलेल्या बाळांच्या आयांच्या रक्तात आणि नाळेच्या रक्तात याच जातीची रसायनं जास्त असल्याचं मांडलं. शेतीत डीडीटीला १९८९ साली बंदी आली, बीएचसीला १९९७ साली. म्हणजे 'पूर्वी सगळं शुद्ध होतं' असं माझ्या पिढीतलं कुणी म्हणू लागलं, की मला आईचं ते लुगडं आठवतं. आमचं बालपण सर्वांत चिवट विषांच्या सावलीत गेलं, फक्त आम्हाला त्याची भीती वाटत नव्हती.

भीती वाटावी असं घडलं होतं. १९५८ साली केरळात जहाजातून आणि गाडीतून फॉलिडॉल या कीटकनाशकासोबत आलेलं गव्हाचं पीठ खाऊन शंभरावर माणसं मेली. त्यातूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. कायदा आला, डब्यावर रंगीत चौकोन आला, कवटी आली. शेतकऱ्याच्या हातात डबा आला तेव्हा त्याला कवटी दिसली, पण अक्षरं इतकी बारीक की ती वाचायला घड्याळजीचं भिंग लागावं. ती अजून तशीच आहेत.

कोकणाचा चेहरा बदलला तो १९९० नंतर. राज्य सरकारनं रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना आणली आणि उघड्या कातळावर सुरुंगानं खड्डे पाडून, बाहेरून माती आणून कलमं लागली. कातळावर बाग ही खरोखर कमाल आहे. ज्यांनी ती केली त्यांच्या कष्टांना माझा नमस्कार. आज जिल्ह्यात ६५ हजार हेक्टरांच्या आसपास आंबा आहे. मनीऑर्डरवर जगणारी घरं आंब्यावर उभी राहिली, मुलं शिकली, चिरेबंदी घरं झाली. पण आता झाडाला आड साल परवडत नाही. पावसाळ्यात बुंध्याभोवती कल्टार ओतलं की दरवर्षी मोहोर येतो, दरवर्षीच्या मोहोराला दरवर्षीचे तुडतुडे येतात, आणि बँकेचा हप्ता तर तुडतुड्यांहूनही नियमित येतो.

दापोलीच्या कृषी विद्यापीठानं यासाठी वेळापत्रक दिलेलं आहे. पालवीवर डेल्टामेथ्रिन, बोंगे फुटताना लॅम्डा सायहॅलोथ्रिन, पुढे इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, असं करत सहा फवारण्या, दोन फवारण्यांत अंतर राखून, प्रमाण मिलिलिटरमध्ये लिहून. कागद शहाणा आहे. बागेत मात्र ढग आले की एक जादा, शेजाऱ्यानं मारलं म्हणून एक जादा, दुकानदारानं 'नवीन आलंय' म्हटलं म्हणून आणखी एक. गेल्या काही हंगामांत थ्रिप्सनं बागायतदारांना इतकं जेरीला आणलंय, की एकात दुसरं मिसळून मारणं सर्रास झालं आहे. फवारण्या दहा-बारावर गेल्या असं बागायतदार स्वतःच सांगतात, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर उद्दामपणा नसतो, हतबलता असते.

२६ डिसेंबर २०१९ चा दिवस मला या सगळ्याचा नमुना वाटतो. त्या सकाळी सूर्यग्रहण होतं. रत्नागिरीत खंडग्रास, खाली कासरगोडला कंकणाकृती. माझी भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा सरत आलेला. इंजिनिअर झालेली मुलगी, पण बहिणीनं तिला आठ वाजता आतल्या खोलीत बसवली, खिडकीला घोंगडी लावली, सुरी-कात्री उचलून ठेवली. ती मोबाइलवर ग्रहणाचं थेट प्रक्षेपण बघत होती. अकराच्या सुमारास ग्रहण सुटलं, आंघोळी झाल्या, जेवणं झाली. आणि तीनच्या सुमारास गडग्यापलीकडच्या कलमांत पंप सुरू झाला. दोनशे लिटरचं पिंप, त्यातून लांबलचक होस, बांबूला बांधलेली नळी, शेंड्याकडे उडणारा फवारा. खारा वारा सुटलेला. ते तुषार उन्हात चमकत आमच्या अंगणावर येत होते, दांडीवरच्या ओल्या कपड्यांवर, तुळशीवर, विहिरीच्या कठड्यावर. भाची कपडे काढायला बाहेर गेली आणि निवांतपणे एकेक घडी करत उभी राहिली. कपड्यांत बाळासाठी धुऊन ठेवलेली दुपटीही होती. घरातल्या तीन अनुभवी बायांपैकी एकीच्याही तोंडून "आत ये" निघालं नाही. चंद्राच्या सावलीला आम्ही घोंगडी लावली होती.

मी तिला हाक मारली तेव्हा शेजारच्या बागेतला गडीच आधी थांबला. "ताई पोटुशी हायत काय? सांगायचं नाय काय," म्हणत त्यानं नळी दुसऱ्या कलमाकडे वळवली. त्याच्या स्वतःच्या तोंडाला साधा टॉवेल होता, तोही ओला.

आता पोटातल्या बाळाला नेमकं काय होतं, ते सरळ सांगते. क्लोरपायरिफॉस, डायमिथोएट, मोनोक्रोटोफॉस ही सेंद्रिय फॉस्फरसची कुळी किडीच्या मज्जातंतूंवर चालते. आपले मज्जातंतूही त्याच तऱ्हेनं काम करतात, फक्त मोठ्या माणसाच्या रक्तात आणि यकृतात ही विषं फोडणारी पॅराऑक्सोनेजसारखी विकरं पुरेशी असतात. नवजात बाळात त्यांची मात्रा फारच कमी असते, पोटातल्या बाळात त्याहून कमी. आईला जेमतेम डोकं दुखावं, मळमळावं एवढ्या मात्रेचा बाळाच्या घडत्या मेंदूशी वेगळा हिशोब असतो. आणि मेंदू-मणक्याची मूळ नळी तर गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांतच मिटते, म्हणजे पाळी चुकली की नाही याचा बाईला पत्ता लागेतो. गणपतीनंतरच्या त्या पोटुशा पालवीवरच्या पहिल्या फवारणीच्या वेळी याच टप्प्याच्या आसपास असतात.

याचे पुरावे सगळ्यात नीट जमवले गेले ते कॅलिफोर्नियात. सालिनास खोऱ्यात शेतमजुरी करणाऱ्या मेक्सिकन कुटुंबांतल्या सहाशे गरोदर बायकांना बर्कलीच्या संशोधकांनी १९९९-२००० पासून हाताशी धरलं आणि त्यांच्या मुलांच्या मागे वर्षानुवर्षं राहिले. ज्या आयांच्या लघवीत गरोदरपणी फॉस्फरसवाल्या औषधांचे अंश सर्वांत जास्त होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सातव्या वर्षी सर्वांत कमी अंशवाल्यांपेक्षा सरासरी सात गुणांनी कमी भरला. मूल वेडंवाकडं जन्मलं नाही, दवाखान्यात कुणाला शंका आली नाही. शाळेत जरा मागे राहिलं, एवढंच. अशा मुलाला आपल्याकडे 'अभ्यासात लक्ष नाही' म्हणतात.

न्यूयॉर्कमध्ये शेती नाही, पण झुरळं आहेत. तिथल्या गरीब वस्तीतल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात क्लोरपायरिफॉस सापडायचं, आणि जास्त सापडलं तिथे जन्मवजन कमी असायचं. घरांत हे औषध वापरण्यावर २००१ च्या सुमारास बंदी आली. त्यानंतर जन्मलेल्या बाळांच्या नाळेत ते झपाट्यानं कमी झालं आणि वजनातला तो फरकही दिसेनासा झाला. या साऱ्या संशोधनात मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण थांबवलं की फरक पडतो हे त्यानं दाखवलं, तेही लगेच.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅलिफोर्नियाच्याच सॅन वाकीन खोऱ्यातल्या १९९७ ते २०११ मधल्या पाच लाखांवर जन्मांचा अभ्यास २०१७ साली आला. बहुतेक बाळांत फवारणीचा ठळक परिणाम दिसला नाही. दिसला तो सर्वाधिक फवारणीच्या जागी राहणाऱ्या वरच्या पाच टक्के आयांच्या बाळांत, अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं मूल होण्याचं प्रमाण पाच ते नऊ टक्क्यांनी वाढलेलं. आपल्याकडे मूल कमी वजनाचं होण्याची कारणं आधीच पुष्कळ आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयानं आसपासच्या सहा खेड्यांत नव्वदच्या दशकात केलेल्या अभ्यासात सरासरी जन्मवजनच २.७ किलोच्या आसपास होतं. आईचं रक्त कमी, खाणं कमी, काम जास्त. तेव्हा प्रत्येक अशक्त बाळाचं खापर कलमांवर फोडणं बरोबर नाही. शहरातल्या गर्भारणीनं हापूसची फोड बाजूला सारायचीही गरज नाही. प्रश्न आहे तो वरच्या पाच टक्क्यांचा. रत्नागिरीत ते कोण?

भाची नव्हे. तिच्या वाट्याला चार तुषार आले. ते पाच टक्के बागेतच राहतात.

हापूसच्या बागा राखायला आणि फवारायला हल्ली नेपाळी कुटुंबं येतात. पाऊस संपला की येतात, तोडणी संपली की जातात. बागेच्या मधोमध पत्र्याची खोली. नवरा पंपावर, बायको पाणी भरायला, पिंपात काठीनं ढवळायला, होस ओढायला. संध्याकाळी ती त्याचे कपडे धुते, त्याच बादलीत पोराचेही. दगडाच्या चुलीवर भात, वर मोहोर लगडलेली फांदी. अशा एका खोलीबाहेर मी पांढरे पाच लिटरचे कॅन ओळीनं ठेवलेले पाहिले, त्यात पिण्याचं पाणी. लेबलं खरवडलेली, झाकणांचे रंग तेवढे ओळखीचे. "तीन बार धोया है," ती म्हणाली. पदराखाली पोट दिसत होतं. तिचं नाव अंगणवाडीच्या वहीत होतं की नाही कुणास ठाऊक. बाग मालकाला विचारलं तर तो म्हणाला, यांचं काय, मे संपला की जातील गावाला. बाळाचं वजन, बाळाचं डोकं, बाळाचं पुढे शाळेत काय झालं, हे सगळं त्यांच्याबरोबर गावाला जातं. आपल्या जिल्ह्याच्या आकड्यांत ते येत नाही.

जे केरळातल्या कासरगोडला झालं ते लपून राहिलं नाही, कारण ती माणसं तिथलीच होती. तोच समुद्र, तोच जांभा, आणि पीक काजू, जो आपल्याही डोंगरउतारावर आहे. काजूवरच्या ढेकण्यासाठी तिथल्या सरकारी महामंडळाच्या बागांवर १९७६ च्या सुमारापासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान फवारलं. खाली वस्ती, विहिरी, डोंगरात खणलेली पाण्याची सुरंगं. पद्रे गावात दवाखाना चालवणाऱ्या डॉ. वाय. एस. मोहन कुमार यांना ओळीनं व्यंग असलेली मुलं दिसू लागली, पत्रकार श्री पद्रे यांनी ते लिहिलं, कृषी खात्यातच नोकरी करणाऱ्या लीलाकुमारी अम्मा न्यायालयात गेल्या. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं तपासणी केली. १३ मे २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं एंडोसल्फानवर देशभर बंदी घातली, आणि २०१७ साली प्रत्येक पीडिताला पाच लाख द्यायचा आदेश केरळ सरकारला दिला. एका गावातल्या डॉक्टरनं आपल्या केसपेपरांकडे नीट पाहिलं, तिथून ही गोष्ट सुरू झाली.

आपल्या केसपेपरात काय असतं? गरोदर बाईला मिळणाऱ्या कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताचं इंजेक्शन, लोहाच्या गोळ्या. ही प्रगती लहान नाही. माझी आजी हे कार्ड हातात घेऊन रडली असती. पण घराजवळ बाग आहे का, घरात फवारणी कोण करतं, कपडे कोण धुतं, यासाठी रकाना नाही. आपला जिल्हा औषधं फवारतो आणि लोटे-परशुरामच्या वसाहतीत बनवतोही, तरी हा प्रश्न दवाखान्यात विचारला जात नाही.

घरातल्याही काही गोष्टी जाता जाता सांगून टाकते. आजी बाळाची दुपटी वेखंडाच्या तुकड्यांत आणि निरगुडीच्या पाल्यात ठेवायची. आईनं डांबराच्या गोळ्या आणल्या, आणि आम्ही त्या अजून वापरतो. या गोळ्यांतलं नॅफ्थलीन कपड्यांतून बाळाच्या अंगात जातं, आणि ज्या बाळांत जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं त्यांचं रक्त त्यामुळे फुटू शकतं, कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. हे वैद्यकाला पन्नासच्या दशकापासून ठाऊक आहे. बाळाच्या ट्रंकेत गोळ्या नकोत, आणि ठेवलेल्या असतील तर कपडे धुऊन कडक उन्हात वाळवूनच बाळाला घाला. आजीची शेगडी-धुरीही आता नको. तो धूर कोवळ्या फुप्फुसांना सोसत नाही. कॉइलच्या ऐवजी मच्छरदाणी लावा. आणि कलमाखाली पडलेली कैरी पदराला पुसून मीठ लावून खायचे डोहाळे आम्ही सगळ्यांनी पुरवले, पण आता आधी विचारा, औषध कधी मारलंय.

सरकारी बंद्या होत आहेत, उशिरा का होईना. २०१८ साली अठरा औषधांवर बंदीचा आदेश निघाला, विदर्भात कुप्रसिद्ध झालेलं मोनोक्रोटोफॉस २०२३ च्या आदेशात आलं. त्याआधी २०१७ साली यवतमाळात फवारताना वीसहून अधिक माणसं गेली होती. आता ड्रोन येत आहेत, आणि 'नमो ड्रोन दीदी' योजनेत ते चालवायला बचत गटांच्या बायका आहेत. कौतुकच आहे. पण ड्रोनमध्ये पाणी कमी आणि औषध दाट असतं, आणि या दीदी ऐन विशी-तिशीतल्या आहेत. त्यांच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी हा विषय निघाला पाहिजे.

बागायतदारांना फवारणी सोडा असं सांगायला मी धजणार नाही. आमच्याही घरचं आंब्यावर चालतं. पण मागणं थोडकंच आहे. बागेत राहणारी बाई गरोदर असेल तर तिला पिंपापासून, होसपासून आणि औषधाच्या कपड्यांपासून सुट्टी द्या, मजुरी न कापता. रिकामे कॅन भोकं पाडून टाका. तिचं नाव आशाताईंना कळवा. डॉक्टरांनी आणि आरोग्यसेविकांनी कार्डाच्या कोपऱ्यात हातानं का होईना, 'फवारणी' असा एक शब्द लिहून पुढे हो किंवा नाही लिहावं; पाच-सात हंगामांत जिल्ह्याचं चित्र आपोआप समोर येईल. आणि पुढच्या कार्तिकात पंप बाहेर काढाल तेव्हा औषध मारायच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या घरांत एक फोन करा. घरात पोटुशी किंवा बाळंतीण आहे का, एवढंच विचारा.